टरफलाचे पहिले तास

कोळंबीच्या टरफलापासून औषधी नॅनोपदार्थ बनवता येतात की नाही, हा वाद आता उरलेला नाही. बनवता येतात. अंड्याच्या कवचापासून, भाताच्या तुसापासून, कापसाच्या आखूड तंतूंपासून, संत्र्याच्या सालीपासूनही बनवता येतात, आणि तसं दाखवणारे शोधनिबंध इतके झाले आहेत की नव्या विद्यार्थ्याला अजून कुणी न वापरलेली साल शोधत फिरावं लागतं. तरीही रुग्णालयाच्या कपाटापर्यंत यांतलं फारच थोडं पोचलं. का, असं विचारलं तर प्राध्यापक निधीकडे बोट दाखवतात आणि उद्योजक परवान्यांकडे. दोघांचंही म्हणणं खोटं नाही. पण मला अडचण त्याच्या बरीच आधी दिसते, टरफल सोलून जमिनीवर पडतं तिथे. जी वस्तू एकदा कचरा म्हणून टाकली गेली, तिचं भरवशाचं औषध करणं फार अवघड होऊन बसतं. औषध हवं असेल तर तिला मुळात कचरा होऊच द्यायचं नाही. आणि ते काम प्रयोगशाळेत होत नाही. ते सोलणाऱ्या बाईचं, बर्फवाल्याचं आणि टेम्पोवाल्याचं आहे.

कोळंबीपासून सुरुवात करू, कारण या यादीतल्या ज्या थोड्या वस्तू रुग्णापर्यंत खरोखर पोचल्या त्यांत ती आहे. 2022-23 मध्ये भारताने सुमारे 7 लाख टन गोठवलेली कोळंबी निर्यात केली. डोकं आणि टरफल मिळून कोळंबीच्या वजनाचा 40 ते 50 टक्के भाग होतो, म्हणजे खाण्याचा ऐवज जेवढा, जवळपास तेवढाच टाकण्याचा. सिंगापूरच्या निंग यान आणि शी चेन यांनी 2015 मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलेल्या टिपणात कोळंबी, खेकडे आणि शेवंडांच्या टरफलांचा जगभरचा आकडा वर्षाला 60 ते 80 लाख टन असा दिला होता. सुक्या टरफलात मुख्यतः तीन गोष्टी असतात: प्रथिनं, चुनखडी, आणि 15 ते 40 टक्के कायटिन. हे कायटिन लाकडातल्या सेल्युलोजचं जवळचं भावंड. फ्रान्समध्ये हेन्री ब्राकोनो यांना ते 1811 मध्ये अळंब्यांत सापडलं. 1859 मध्ये चार्ल्स रुजे यांनी ते कडक अल्कलीत उकळलं, तेव्हा न विरघळणारा हा पदार्थ सौम्य आम्लात विरघळू लागला. त्यालाच पुढे कायटोसान नाव मिळालं.

कायटोसानची सगळी करामत त्याच्या धन विद्युतभारात आहे. रक्तातल्या तांबड्या पेशींवर ऋण भार असतो. रक्त वाहत्या जखमेवर कायटोसान दाबून धरलं की पेशी त्याला चिकटतात आणि गोळा होतात. यासाठी शरीराची स्वतःची रक्त गोठवणारी साखळी धड असण्याचीही तेवढी गरज राहत नाही. 2002 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा पट्टीला मान्यता दिली आणि ती इराक-अफगाणिस्तानातल्या सैनिकांच्या पिशवीत गेली. आपल्याकडे अहमदाबादेत सुरू झालेल्या अ‍ॅक्सिओ बायोसोल्युशन्सने ‘अ‍ॅक्सिओस्टॅट’ ही कायटोसानची पट्टी बाजारात आणली. म्हणजे आज जगात कुणाच्या तरी मांडीतून उसळणारं रक्त खरोखरच कोळंबीच्या टरफलाने थांबतं आहे. हे मी मुद्दाम आधी सांगतो, कारण पुढची कुरकुर वाचून या विषयात काही दमच नाही असा कुणाचा समज व्हायला नको.

मात्र ही पट्टी काही नॅनो नव्हे. ती स्पंजासारखी असते. नॅनोचं काम त्याच्या पुढचं. 1997 मध्ये स्पेनमधल्या सांतियागो दे कॉम्पोस्तेला विद्यापीठात मारिया होसे अलोन्सो यांच्या गटाने दाखवलं की कायटोसानच्या द्रावात ट्रायपॉलीफॉस्फेट नावाचा साधा क्षार घातला की साध्या तापमानाला आपोआप नॅनोकण तयार होतात, आणि त्यांत नाजूक प्रथिनंही कोंडता येतात. विषारी द्रावक नको, भट्टी नको. तेव्हापासून औषध नाकावाटे द्यायला, लशी पोचवायला, जनुकं पेशीत सोडायला हे कण वापरण्याचे प्रयत्न चालू आहेत. पट्टी आणि कण यांतला फरक माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. पट्टीत थोडं इकडेतिकडे झालं तर चालून जातं. रक्त थांबलं की काम झालं. कणांत चालत नाही. कण किती मोठा होणार हे कायटोसानच्या साखळीची लांबी आणि तिच्यावरचा भार ठरवतात, आणि शंभर नॅनोमीटरचा कण शरीरात जिथे जातो तिथे पाचशेचा जाईलच असं नाही. वस्तू जितकी सूक्ष्म, तितका मूळ माल काटेकोर हवा. नॅनोचं नाव घेऊन कचऱ्याचं गुणगान करणारे नेमकं हेच विसरतात.

आता मूळ माल कसा असतो ते पाहू. मुंबईचा ससून डॉक 1875 पासून चालू आहे. पहाटे बोटींचा माल उतरतो, आणि बायका कोळंबीचे ढीग पुढ्यात घेऊन सोलायला बसतात, मजुरी किलोवर. सोललेला गर पाण्यातून काढून बर्फात जातो. टरफल आणि डोकं बाजूला पडतं. एका मिनिटापूर्वी एकाच जिवाचे असलेले हे दोन भाग इथून दोन वेगळ्या जगांत जातात. निर्यातीच्या गराला तापमान असतं, वेळ असते, बॅचचा क्रमांक असतो. टरफलाला ढीग असतो. तो ढीग भरला की, किंवा गाडी आली की, उचलला जातो.

त्या ढिगात काय चालू असतं? कोळंबीच्या डोक्यात तिचे पाचक रस असतात. जीव गेला तरी ते काम थांबवत नाहीत. डोकं काळं पडायला लागतं. समुद्राच्या पाण्यातले जिवाणू उष्णतेत भराभर वाढतात, आणि त्यांतल्या काहींचा तर कायटिन हाच आहार आहे. ते साखळ्या तोडत जातात. ऑक्टोबरातल्या उन्हात चार तास पडलेलं टरफल आणि जानेवारीतल्या पहाटे उचललेलं टरफल दिसायला सारखं असलं तरी आतून तो वेगळा माल असतो. शिवाय ढिगात जात एक नसते. आज कापशी, उद्या चैती, परवा टायनी. कोळंबी कात टाकते, आणि कात टाकण्याआधीचं आणि नंतरचं कवच यांतल्या चुन्याचं प्रमाणही वेगळं असतं. रसायनशास्त्रज्ञ या सगळ्याला एकाच आम्लात आणि एकाच कॉस्टिक सोड्यात घालतो आणि मग दर खेपेला वेगळं उत्तर येतं म्हणून कपाळाला हात लावतो.

एन्डोटॉक्सिनचा प्रश्न वेगळाच. हा काही विशिष्ट जिवाणूंच्या आवरणाचा तुकडा. जिवाणू मेला तरी तो उरतो, ऑटोक्लेव्हलाही जुमानत नाही, आणि रक्तात गेला तर ताप, थरथर, कधी जीवघेणा आघात. त्याच्यावर ऋण भार असतो. म्हणजे ज्या गुणाने कायटोसान रक्तपेशींना धरतं, त्याच गुणाने ते एन्डोटॉक्सिनलाही धरतं आणि सोडत नाही. कडक कॉस्टिकच्या टप्प्यात त्यातलं बरंचसं नष्ट होतं हे खरं, पण त्यानंतर माल धुवावा लागतो, आणि धुण्याचं पाणी चांगलं नसेल तर ते मागच्या दाराने परत येतं. त्यामुळे ‘शेवटी सगळं शुद्ध करून घेऊ’ हा भरवसा दोन्ही टोकांना फसतो. सुरुवातीला तुटलेली साखळी शेवटी जोडता येत नाही, आणि शेवटी आलेली घाण सुरुवातीच्या काळजीने जात नाही.

जपानमधल्या तोत्तोरी विद्यापीठात शिन्सुके इफुकू यांच्या गटाने 2009 मध्ये खेकड्याच्या कवचापासून 10 ते 20 नॅनोमीटर जाडीचे एकसारखे कायटिनतंतू काढले. तोत्तोरीचा किनारा खेकड्यांसाठीच प्रसिद्ध आहे. त्या कृतीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अगदी साधी आहे: प्रथिनं आणि चुना काढून टाकल्यावर माल वाळू द्यायचा नाही. वाळला की तंतू एकमेकांना घट्ट धरतात आणि मग सुटे होत नाहीत. यात नवं यंत्र नाही, महागडं रसायन नाही; ओल टिकवणं आहे. या क्षेत्रातली निम्मी हुशारी अशी हाताळणीची असते, आणि तिला पारितोषिकं मिळत नाहीत.

टरफलाइतका वेळ मी इतर कचऱ्यांना देणार नाही, पण तुसाचं उदाहरण सोडवत नाही. भंडारा-गोंदियाच्या गिरण्यांमागे तुसाचे डोंगर असतात. तूस जाळलं की सुमारे पंचमांश राख उरते आणि ती बहुतांशी सिलिका असते. औषध वाहून नेणारे सच्छिद्र सिलिकाकण त्यापासून करता येतात. पण बेताच्या आचेवर जळलं तर सिलिका अस्फटिक राहते, आणि भट्टीत आच फार चढली तर स्फटिकरूप होते, जी फुप्फुसाला घातक म्हणून ओळखली जाते. बॉयलरवाला तूस वाफेसाठी जाळतो, सिलिकेसाठी नाही. आचेचा आलेख ठेवायचं त्याला कारणच काय? अंड्याच्या कवचाची गोष्ट त्या मानाने सोपी. त्यात 94-95 टक्के कॅल्शियम कार्बोनेट असतं, तापवून फॉस्फेटशी संयोग घडवला की हाडातल्या खनिजासारखं हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट मिळतं. पण तिथेही हॉटेलच्या बादलीतलं कवच आणि अंड्याची भुकटी करणाऱ्या कारखान्यातलं कवच यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरा माल एका जागी, एका जातीच्या कोंबडीचा, रोज त्याच वेळी निघतो. तो तांत्रिक अर्थाने कचरा असेल, पण कचऱ्यासारखा वागवला गेलेला नसतो.

आता थोडं पुण्याबद्दल, कारण या विषयाचा एक मोठा प्रवाह पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून निघाला. मुरली शास्त्री यांच्या गटाने 2003 च्या सुमारास जिरेनियमच्या पानांच्या अर्काने चांदीचे नॅनोकण केले, बुरशीकडूनही करवून घेतले, आणि 2004 मध्ये गवती चहाच्या अर्काने सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण करून ते काम ‘नेचर मटेरियल्स’मध्ये छापून आणलं. घराच्या अंगणातल्या गवताने सोन्याला त्रिकोणाचा आकार द्यावा, हे खरोखर थक्क करणारं होतं. तिथे प्रश्न मूलभूत होता: पानातलं नेमकं काय हे घडवून आणतं? नंतर मात्र देशभरच्या महाविद्यालयांत याची ठरावीक कृती झाली. सिल्व्हर नायट्रेट घ्या, कुठल्यातरी सालीचा काढा घाला, रंग तपकिरी झाला की वर्णपटात 420 नॅनोमीटरच्या आसपास उंचवटा दाखवा, दोन जिवाणूंच्या थाळीवर वर्तुळं मोजा, ‘हरित’ असं शीर्षकात लिहा. केळ्याची साल झाली, कांद्याची झाली, डाळिंबाची झाली. या प्रकाराला कचऱ्यापासून नॅनोपदार्थ म्हणणं मला पटत नाही. चांदी सालीतून आलेली नसते, खाणीतूनच आलेली असते. साल फक्त ती विरजायचं काम करते. आणि कुठल्या हंगामातली, किती पिकलेली साल, यावर कणांचा आकार बदलतो. विद्यार्थ्यांना हात बसवायला प्रयोग उत्तम आहे. पण त्याने कचऱ्याचा प्रश्न सुटतो असं म्हणणं म्हणजे वाटीभर सालींवर ट्रकभर दावा करणं.

कचऱ्यातून औषध घेताना पहिल्या कडीकडे दुर्लक्ष केलं तर काय होतं, याचा धडा आधीच लिहून झाला आहे. हेपारिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून करतात. कत्तलखान्यातला हा टाकाऊ भाग. चीनमध्ये तो गोळा करून कच्चं हेपारिन बनवण्याचं काम लहान लहान घरगुती कारखान्यांत चालायचं. 2006-07 मध्ये तिथे डुकरांवर मोठी साथ आली, माल तुटला, भाव चढले. आणि साखळीत कुठेतरी, अंतिम कारखान्याच्या कितीतरी आधी, हेपारिनसारखाच वागणारा स्वस्त पदार्थ मिसळला गेला: अतिरिक्त सल्फेट जोडलेलं कॉन्ड्रॉइटिन. त्या वेळच्या नेहमीच्या चाचण्यांना तो ओळखू आला नाही. अमेरिकेत रुग्णांचा रक्तदाब एकाएकी कोसळू लागला, आणि 2008 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने 81 मृत्यूंचा या औषधाशी संबंध असू शकतो असं नोंदवलं. चाचण्या नंतर सुधारल्या. पण फसवणूक जिथे झाली ती जागा प्रयोगशाळेपासून फार दूर होती. ज्या कडीवर कुणाचं लक्ष नाही, जिथे मालाचा हिशेब फक्त वजनावर होतो, तिथे झाली.

म्हणूनच प्राणिज पदार्थांपासून वैद्यकीय साधनं करण्यासाठीचं आयएसओ 22442 हे आंतरराष्ट्रीय मानक आपल्या तीन भागांपैकी एक पूर्ण भाग माल कुठून आणला, कसा गोळा केला, कसा हाताळला यावर खर्च करतं. त्यातल्या ‘प्राणी’ या व्याख्येत कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारीही येतात. आपल्याकडे 2017 चे वैद्यकीय साधनांचे नियम आहेत, 2019 मध्ये नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वंही आली. कागद कमी नाहीत. कागदाचं दुसरं टोक मात्र डॉकवरच्या ढिगापर्यंत पोचत नाही.

इथे नेहमीचा आक्षेप येतो: एवढं सगळं करायचं म्हटलं तर कचऱ्याचा स्वस्तपणाच गेला की. बर्फ, नोंदी, स्वच्छ पाणी, जास्त मजुरी. मग उरलं काय? हा आक्षेप हिशेबावर टिकत नाही. ओल्या टरफलात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असतं; उरलेल्यातून चुना आणि प्रथिनं गेल्यावर शंभर ग्रॅम ओल्या टरफलामागे साधारण तीन-चार ग्रॅम कायटोसान हाती लागतं. पट्टीत ते काही ग्रॅम लागतं, नॅनोकणांच्या मात्रेत तर मिलिग्रॅमांत. म्हणजे एका पट्टीमागे फार तर दोन-चार मुठी टरफल. त्या टरफलाचा भाव आज जवळपास शून्य आहे. तो दहापट केला तरी पट्टीच्या किमतीत नखाएवढा फरक पडेल, कारण खरा खर्च शुद्धीकरणाचा, निर्जंतुकीकरणाचा, चाचण्यांचा आणि परवान्यांचा असतो. कच्चा माल फुकट असणं हा या धंद्याचा फायदा नाहीच. उलट फुकटपणामुळेच माल बिघडतो, कारण फुकट वस्तूला कुणी बर्फ घालत नाही.

आणि हे आपल्याला जमणार नाही, हा रडका सूरही मला मान्य नाही. 1997 मध्ये युरोपीय संघाने स्वच्छतेच्या कारणावरून भारतीय मासळीची आयात बंद केली होती. त्यानंतर निर्यात कारखान्यांनी फरश्या बदलल्या, पाणी बदललं, पीलिंग शेड सुधारल्या, नोंदवह्या ठेवायला सुरुवात केली. ग्राहकाने अट घातली आणि गरापुरतं सगळं जमलं. टरफलाच्या गिऱ्हाइकाने अशी अट अजून घातलेली नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो मला पूर्ण खोडता येत नाही. हे ‘हरित’ कितपत आहे? टरफलातून कायटोसान काढायला हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं, सौम्य कॉस्टिक लागतं, आणि शेवटी चाळीस-पन्नास टक्क्यांचं कॉस्टिक गरम करून लागतं. यान आणि चेन यांच्याच म्हणण्याप्रमाणे एक किलो कायटोसानसाठी एक टनाहून जास्त पाणी जातं. ढीग समुद्रात लोटण्याऐवजी आम्लाचं सांडपाणी खाडीत सोडलं, तर निसर्गाचं काय भलं झालं? औद्योगिक सांडपाण्याने दाभोळ खाडीची काय दशा केली हे कोकणाला वेगळं सांगायला नको. दह्यासारखं आंबवून, म्हणजे लॅक्टिक आम्लाच्या जिवाणूंकडून, चुना आणि प्रथिनं काढण्याची रीत आहे. तीही ताज्या टरफलावरच नीट चालते. शेवटच्या कॉस्टिकला मात्र मोठ्या प्रमाणावर वापरता येईल असा पर्याय सहज मिळत नाही. तेव्हा या उद्योगाला हरित म्हणण्यापेक्षा, सांडपाण्याची व्यवस्था असेल तिथेच परवानगी द्यावी असा साधा उद्योग म्हणणं बरं.

शिवाय कोळंबीला प्रतिस्पर्धी आहे. बेल्जियममध्ये बुरशीपासून कायटोसान करतात. त्यातली एक बुरशी अ‍ॅस्परजिलस नायजर, जी सायट्रिक आम्लाच्या कारखान्यांत टनावारी उरते. तोही टाकाऊ मालच, पण बंद टाकीत, एका जातीचा, बारा महिने सारखा. इन्सुलिनचंही असंच झालं होतं. अनेक दशकं ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून निघत होतं. 1982 मध्ये जिवाणूंकडून करवून घेतलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं आणि कत्तलखाना त्या साखळीतून हळूहळू बाहेर पडला. डॉकवरचा ढीग जसा आहे तसाच राहिला तर औषध कंपन्या टाकीकडे वळतील, आणि कोळंबीच्या टरफलाला पुन्हा खत आणि कोंबडीखाद्य एवढीच वाट उरेल. सोलणारीच्या हाताला मिळू शकणारे चार पैसेही त्याबरोबर जातील.

म्हणून विद्यापीठांनी आणखी एक साल शोधण्यापेक्षा एक कंटाळवाणा प्रयोग करावा. ससून डॉक किंवा मिरकरवाडा, कुठलंही एक बंदर घ्यावं. एकाच दिवशीची, एकाच जातीची कोळंबी. अर्ध्या मालाचं टरफल सोलल्याबरोबर बर्फात, अर्धं आज पडतं तसंच ढिगात. दोन्हींपासून एकाच कृतीने कायटोसान करावं. साखळीची लांबी, उरलेलं प्रथिन, एन्डोटॉक्सिन आणि त्यापासून होणाऱ्या नॅनोकणांचा आकार मोजावा. ऑगस्टमध्ये बोटी समुद्रात गेल्यापासून मे महिना संपेपर्यंत दर महिन्याला हेच करावं. बर्फाला किती खर्च आला आणि सोलणारीचा किती वेळ जास्त गेला, तेही लिहावं, आणि त्या वेळाची मजुरी तिला द्यावी. यात नवा पदार्थ नाही, नवी साल नाही, त्यामुळे मोठी नियतकालिकं तो निबंध कदाचित छापणार नाहीत. पट्टी बनवणाऱ्या कारखान्यातला खरेदी अधिकारी मात्र तो शेवटच्या तक्त्यापर्यंत वाचेल.